माझी पेन्शन किती बसते, हे मी ४७व्या वर्षी पहिल्यांदा मोजलं

दर नोव्हेंबरला मी साताऱ्याला जाते, अण्णांचा हयातीचा दाखला द्यायला. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, २००३ ला रिटायर झाले, तेव्हा मूळ पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास बसली होती आणि आज दोन वेतन आयोग आणि महागाई भत्ता धरून ती अडतीस हजारांच्या घरात आहे. आमच्या घरात पेन्शन म्हणजे हेच चित्र, दर महिन्याला येते आणि वाढत जाते. त्यामुळे आपलं रिटायरमेंटचं काय असा विचार आला की मी पण मनात म्हणायचे, पीएफ कापला जातो ना, पेन्शन बसेल की काहीतरी. ते "काहीतरी" किती, हे तेवीस वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बँकेत बरीच गर्दी होती, अण्णांना बाकावर बसवलं आणि मी लाईनीत उभी राहिले. अण्णांच्या शेजारी एक काका बसलेले, एका कारखान्यातून फिटर म्हणून २०११ ला रिटायर झालेले, ते पण दाखल्यासाठीच आलेले. दोघांच्या गप्पा रंगल्या आणि काकांनी स्वतःहून पासबुक उघडून दाखवलं, पेन्शनची ओळ होती १,८७२, त्याच्या वरच्या महिन्याची १,८७२, त्याच्या वरची पण १,८७२. मला म्हणाले, "बाई, बारा वर्षं झाली, एक रुपया वाढला नाही." अण्णा एकदम गप्प झाले. मी विचारलं काका ही कुठली पेन्शन, तर म्हणाले पीएफची. म्हणजे तीच, जी मला मिळणार आहे.

पुण्याला परत येताना एसटीत तोच आकडा डोक्यात, घरी आले आणि रात्री जेवणं झाल्यावर पीएफचं पासबुक उघडलं. मी एका खाजगी कंपनीत अकाऊंट्सला आहे, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे बघते, पण स्वतःच्या पासबुकात फक्त शेवटची शिल्लक बघायची सवय. त्या दिवशी पहिल्यांदा महिन्याची ओळ नीट वाचली. माझा हिस्सा १,८००, कंपनीचा ५५०, आणि तिसऱ्या रकान्यात पेन्शनचे १,२५०. आमच्याकडे पगार जास्त असला तरी पीएफ १५,००० च्या लिमिटवरच कापतात, त्याचे १२ टक्के माझे १,८००, कंपनीचे पण १२ टक्केच पण त्यातले ८.३३ टक्के म्हणजे १,२५० पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ५५० माझ्या पीएफमध्ये. सरकार वरून १.१६ टक्के घालतं. आणि एक गोष्ट तेव्हा लक्षात आली की पीएफच्या दोन रकान्यांवर व्याज चढतं, पेन्शनच्या रकान्यावर चढत नाही, कारण तो माझा साठा नाहीच, तो एका मोठ्या सामायिक फंडात जातो आणि मला मिळणार ते फॉर्म्युल्याने. तिथे किती जमा झालेत याची बेरीज करून काही उपयोग नाही.

फॉर्म्युला तसा सोपा आहे. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची, म्हणून लोक तिला ईपीएस ९५, म्हणजे एम्प्लॉईज पेन्शन स्कीम १९९५, म्हणतात. पेन्शनचा पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले ७०. पेन्शनचा पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पण लिमिटपर्यंतच, खरा पगार कितीही असो. मी लगेच कॅलेंडरच्या पानामागे मांडलं, १५,००० गुणिले ५८ पर्यंतची माझी २८ वर्षं भागिले ७०, आले ६,०००. वाटलं ठीक आहे, काकांपेक्षा बरं.

पण ते चुकलं होतं. १५,००० चं लिमिट १ सप्टेंबर २०१४ पासून आलं, त्याआधी ६,५०० होतं, आणि त्याआधीच्या सर्व्हिसला तेच जुनं लिमिट लागतं, म्हणजे हिशोब दोन तुकड्यांत करायचा. माझी आत्ताची मोजण्यासारखी सर्व्हिस सप्टेंबर २००६ पासूनची, ५८ वर्षं पूर्ण होणार ऑगस्ट २०३४ ला. पहिली ८ वर्षं ६,५०० ने म्हणजे ७४३ रुपये, पुढची २० वर्षं १५,००० ने म्हणजे ४,२८६, बेरीज ५,०२९. वीस वर्षांच्या वर सर्व्हिस झाली की ५८ ला २ वर्षांचं वेटेज मिळतं, म्हणजे सर्व्हिस २ वर्षं वाढवून धरतात, ते धरलं की सव्वापाच ते साडेपाच हजारांच्या मधे कुठेतरी. मी ५,३०० लिहिले आणि त्याला गोल केला. महिन्याला पाच हजार तीनशे, आणि तोच आकडा शेवटपर्यंत, कारण या पेन्शनला महागाई भत्ता नाही.

त्या रात्री झोप लागली नाही हे खरं सांगते. ह्यांना उठवलं नाही, सकाळी चहाच्या वेळी कागद समोर ठेवला. ह्यांचं स्वतःचं मोटार रिवाइंडिंगचं काम आहे, त्यांना पीएफ नाही, पेन्शन नाही. २०१५ ला अटल पेन्शन योजना आली तेव्हा आम्ही चौकशी केली होती पण तिला वयाची अट १८ ते ४० आणि ह्यांचं तेव्हा ४३ चालू होतं, तो विषय तिथेच संपला. म्हणजे दोघांच्या म्हातारपणाला सरकारी आधार मिळून हे ५,३०० आणि माझ्या मागे ह्यांना त्याच्या निम्मे.

हे आधी म्हणाले अगं मुलगा आहे, मुलगी आहे, एवढं काय. मी म्हटलं मुलांनी बघितलं तर आनंदच आहे, पण कागदावर त्यांना धरायचं नाही, त्यांच्या डोक्यावर त्यांचा संसार असेल. मग आम्ही खर्च मांडायला घेतला. आजचा घरखर्च, त्यातून घराचा हप्ता वजा, मुलांच्या फिया वजा, औषधपाण्याचे थोडे वाढवले, तर दोघांना आजच्या भावाने महिन्याला २४,००० लागतात. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, ७२ ला ६ ने भागायचं, एवढं सोपं गणित. २०३४ ला हेच २४,००० म्हणजे ४३,००० होतात. त्यात पेन्शन ५,३००, म्हणजे रुपयातले बारा पैसे. २०४८ ला मी ७२ ची असेन, तोपर्यंत खर्च चौपट होऊन ९६,०००, आणि पेन्शन तीच ५,३००, आजच्या भावाने बघितली तर तेराशे रुपये. मला बँकेतल्या काकांची ती १,८७२ ची ओळ आठवली.

इथे मला जे कळलं ते सांगण्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसले. सरकारी पेन्शन आधी नेमकी मोजायची, अंदाजाने नाही, रुपयात, आणि ती न वाढणारी आहे असं धरूनच बाकीचं मांडायचं. आपण उलटं करतो, आधी जमेल तसं एफडी, सोनं, एखादी पॉलिसी घेत जातो आणि उरलेली भोकं पेन्शन बुजवेल असं समजतो. ती किती मोठं भोक बुजवणार हे माहितीच नसतं.

आता सर्व्हिसची गोष्ट, कारण यात माझे सात महिने गेले. वर मी २००६ पासूनची सर्व्हिस धरली, पण यूएएनच्या, म्हणजे नोकरी बदलली तरी एकच राहणाऱ्या पीएफ नंबरच्या, पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडली तर तिथे फक्त आत्ताची कंपनी, सप्टेंबर २०१२ पासून. त्याआधीची सहा वर्षं गायब. मला धक्काच बसला कारण २०१३ ला मी फॉर्म १३ भरून पीएफ ट्रान्सफर केला होता आणि पैसे आलेले मी स्वतः बघितले होते. पैसे आले होते, सर्व्हिस आली नव्हती. यूएएन २०१४ ला सुरू झाला, त्याआधीचा माझा पीएफ नंबर त्याला जोडलाच गेला नव्हता. सहा वर्षं गुणिले ६,५०० भागिले ७०, म्हणजे ५५७ रुपये महिना, आयुष्यभर. कोणाला वाटेल पाचशे सत्तावन्नासाठी एवढी धावपळ कशाला, पण ५,३०० मधले ५५७ म्हणजे दहावा हिस्सा होतो, आणि ज्याची सर्व्हिस आठ-नऊ वर्षंच दिसत असेल त्याचं तर अख्खं पेन्शनच जाईल कारण १० वर्षं पूर्ण असल्याशिवाय पेन्शन बसतच नाही.

जुन्या कंपनीत फोन केला तर ते लोक बदललेले, जागा बदललेली, एचआरमधली मुलगी म्हणाली मॅडम २०१२ चं रेकॉर्ड आमच्याकडे नाही. चार वेळा मेल केला, उत्तर नाही. शेवटी माळ्यावरची सुटकेस काढली, लग्नाच्या अल्बमखाली एका प्लास्टिकच्या पिशवीत अपॉइंटमेंट लेटर, रिलिव्हिंग लेटर आणि पीएफच्या तीन वार्षिक स्लिपा सापडल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या स्लिपांवर बघते तर नाव माहेरचं. नोकरीला लागताना दाखला शाळेचा दिला होता, लग्न झालेलं असूनही नोंद माहेरच्या नावाने झाली आणि सहा वर्षं तशीच राहिली. आधार, पॅन, यूएएन सगळं सासरच्या नावाने. म्हणजे सिस्टीमच्या दृष्टीने ती बाई वेगळी आणि मी वेगळी.

मग जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे नावदुरुस्तीचा मी आणि कंपनीने मिळून द्यायचा अर्ज, भरायचं, त्यावर जुन्या कंपनीची सही-शिक्का. त्यासाठी मी दोनदा रजा टाकून गेले. पहिल्यांदा सही करणारे साहेब नव्हते, दुसऱ्यांदा होते, विवाह नोंदणीचा दाखला आणि गॅझेटची झेरॉक्स जोडली आणि मी तिथे समोर बसूनच सही घेतली. त्यानंतर ऑनलाइन तक्रार टाकली की जुन्या खात्याचं अॅनेक्शर के, म्हणजे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत सर्व्हिस होती ते सांगणारा कागद, आत्ताच्या पीएफ ऑफिसला पाठवा. पहिली तक्रार "पैसे ट्रान्सफर झालेले आहेत" असं लिहून बंद केली. दुसरीत मी स्पष्ट लिहिलं की पैशाचा प्रश्न नाही, पेन्शनच्या सर्व्हिसचा आहे, तारखा लिहिल्या, जुना नंबर लिहिला, स्लिपांचे फोटो जोडले. जून २०२४ ला सर्व्हिस हिस्ट्रीत दुसरी ओळ दिसली. मी स्क्रीनशॉट काढून ह्यांना पाठवला, ते कामावर होते, त्यांनी लगेच फोन केला.

बायकांना मुद्दाम सांगते, लग्नाआधीची किंवा लग्नाच्या आसपासची नोकरी असेल तर नाव आजच तपासा. ५७व्या वर्षी हे करायला घेतलं तर तोपर्यंत ती कंपनी असेलच असं नाही.

आणि एक गोष्ट दुरुस्त होण्यातली नाही. माझी पहिली नोकरी २००० ते २००५, पाच वर्षं. सोडली तेव्हा बाळंतपण होतं, भाड्याच्या घराचं डिपॉझिट द्यायचं होतं, सगळ्यांनी सांगितलं पीएफ काढून घे, म्हणून फॉर्म १९ आणि १०सी दोन्ही भरले. पीएफचे साधारण ४८,००० आले आणि पेन्शनचे बावीस-तेवीस हजार. त्या वेळी पैशाची गरज खरी होती, पीएफ काढल्याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याच १०सी फॉर्मवर पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, म्हणजे ती वर्षं जिवंत राहतात आणि पुढच्या नोकरीत जोडली जातात, हे मला कोणी सांगितलं नाही. त्या पाच वर्षांचे आज महिन्याला ४६४ रुपये झाले असते. आणि ते ४८,००० साडेआठ टक्क्यांनी २०३४ पर्यंत राहिले असते तर पाच लाखांच्या आसपास. आमच्या ऑफिसात नवीन मुलं दीड-दोन वर्षांत नोकरी बदलतात आणि दरवेळी पीएफ काढतात, त्यांना मी आता हा आकडाच दाखवते, ऐकतात काही जण.

राहिलेल्या रकमेची जुळवाजुळव कशी केली तेही सांगते. पीएफमध्ये साडेसात लाखांच्या आसपास होते, ८.२५ टक्के व्याज आणि चालू कपात धरली तर २०३४ ला वीस लाखांच्या थोडं वर जातात. एप्रिल २०२४ पासून मी व्हीपीएफ सुरू केला, म्हणजे माझ्या पगारातून जादा कपात, महिन्याला ५,०००, ते साधारण नऊ लाख होतील. ५,००० कुठून आणले तर एक रिकरिंग बंद केलं आणि एक जुनी पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे तिचे पुढचे हप्ते थांबवले, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन महिने तंगी जाणवली, मग अंगवळणी पडलं. पगार हातात येण्याआधीच कापला जातो हीच त्यातली मला आवडलेली गोष्ट.

ह्यांचं २०१० चं पीपीएफ होतं, कधी दहा हजार टाकायचे, कधी खातं चालू राहावं म्हणून वर्षाचे कमीतकमी ५०० टाकायचे. आता महिन्याला ४,००० ठरवलेत आणि ते ५ तारखेच्या आत भरतात, कारण त्या महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या कमीतकमी शिल्लकेवर मिळतं. पंधरा वर्षं झाली की बंद न करता पाच-पाच वर्षांनी वाढवत न्यायचं ठरलंय. धंदेवाल्या माणसाला ही शिस्त जड जाते, कामाचे पैसे कधी येतात कधी अडकतात, पण ते पाळतायत.

तिसरं, मी एनपीएस, म्हणजे बाजारावर चालणारी नॅशनल पेन्शन सिस्टीम, उघडलं, महिन्याला ३,०००, निम्मे शेअर्समध्ये. यावर माझ्या धाकट्या भावाशी बरंच बोलणं झालं. तो तलाठी आहे, २००८ ला लागला, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही म्हणून त्याचं एनपीएसच, मार्च २०२३ च्या संपात तोही होता. तो म्हणाला ताई, तू आपणहून त्यात का जातेस, आम्ही तर बाहेर पडायला बघतोय. त्याचं म्हणणं मला पटतं, त्याला ठरलेल्या पेन्शनच्या जागी बाजारावरचं मिळालं. पण माझ्या हातात एक ठरलेली आणि न वाढणारी पेन्शन आहेच, मला वाढणारं काहीतरी हवंय. त्यातून शेवटी काही भाग एन्युइटीत, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या पेन्शनमध्ये, जाणार आणि ती एन्युइटी पण बहुतेक वेळा फिक्सच असते, म्हणून मी त्यात ३,००० च ठेवलेत, जास्त नाही.

रिटायर झाल्यावर सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम, आत्ता तिला ८.२ टक्के आहेत, मर्यादा ३० लाख, तीस लाखांवर दर तीन महिन्यांनी ६१,५०० येतात. एकदम मोह होतो की पीएफचे सगळे तिकडेच टाकावेत. वय ६० लागतं पण रिटायर होऊन मिळालेले पैसे तीन महिन्यांच्या आत टाकले तर ५५ नंतरही उघडता येतं, म्हणजे ५८ ला मला चालेल. तरी आम्ही वीस लाखांवर थांबायचं ठरवलंय, तीन महिन्यांनी ४१,०००. कारण ते व्याज पण वाढत नाही, पेन्शनसारखंच, आणि सत्तरीनंतरचे पैसे कुठेतरी वाढत राहिले पाहिजेत. रेट तेव्हा काय असेल ते तेव्हा, मी आजच्या रेटने मांडलंय. आकडा अजून पूर्ण जुळलेला नाही, २०३४ च्या ४३,००० मध्ये अजून सात-आठ हजार कमी पडतात. घराचा हप्ता २०२९ ला संपतो, तो संपल्या महिन्यापासून तेवढीच रक्कम व्हीपीएफला वळवायची, असं त्याच कॅलेंडरच्या पानावर लिहून ठेवलंय.

ऑफिसमध्ये हे कळल्यावर बरेच जण विचारायला आले. एक मॅडम ५० पूर्ण झाल्या की नोकरी सोडून लगेच पेन्शन घेणार होत्या, ५० पासून घेता येते पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कमी होते आणि ती कपात कायमची. उलट ५८ ला न घेता ६० पर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढतात, माझा विचार तोच आहे, तब्येतीने साथ दिली तर. दोघा-तिघांनी हायर पेन्शनचं, म्हणजे लिमिटऐवजी खऱ्या पगारावर बसणाऱ्या पेन्शनचं, विचारलं, ४ नोव्हेंबर २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, पण आमच्याकडे पीएफ १५,००० वरच कापला गेलाय त्यामुळे तो आम्हाला लागत नाही. आणि नॉमिनेशन, ते तर निम्म्यांनी भरलंच नव्हतं, एकाच्या खात्यावर अजून लग्नाआधीचं, आईचं नाव होतं. आधार आणि ओटीपी असला की दहा मिनिटांत होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरला परत साताऱ्याला गेले, या वेळी अण्णांचा दाखला फोनवर चेहरा दाखवून घरीच झाला. तरी अण्णा म्हणाले बँकेत जाऊया, पासबुक भरून आणू. ते काका दिसतात का म्हणून मी बाकावर बघितलं, नव्हते. अण्णांनी परत येताना रिक्षात विचारलं, तुझी किती बसते म्हणालीस? मी सांगितलं पाच हजार तीनशे, आणि बाकीचं कसं मांडलंय ते सगळं सांगितलं, घरी पोचेपर्यंत ते ऐकत होते, आणि मग आत जाऊन कपाटातून माझी सातवीची शिष्यवृत्तीची जुनी पोस्टाची वही घेऊन आले, म्हणाले यात काही राहिलंय का तेही बघ.